लोरेटाच्या दारातली पिवळी खुर्ची

लोरेटा बुड्रिस घराबाहेर पडली की आमच्या रस्त्यावरचे लोक आपोआप नीट वागायला लागत. कोणी कुत्र्याची दोरी आखडून धरायचा, कोणी पडलेला कागद आपला नसतानाही उचलायचा, आणि शाळेतून परतणारी पोरं तोंडातलं च्युइंगम गिळून टाकायची. बाई अवघी पाच फुटांची, वय त्र्याहत्तर. शाळेच्या खाणावळीत तीस वर्षं पोरांच्या ताटात बटाटे वाढून निवृत्त झालेली. पण खोकताना तुम्ही तोंडावर हात धरला नाही हे तिला रस्त्याच्या त्या टोकावरून दिसायचं, आणि दिसलं की ती सोडायची नाही.

बसमध्ये एकदा एक माणूस फोन समोर धरून जोरजोरात बोलत होता. पलीकडच्याचा आवाजही सगळ्या बसला ऐकू येत होता. लोरेटा त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या मेहुणीचं ऑपरेशन बुधवारी म्हणालात की गुरुवारी? नाही, आम्ही सगळेच ऐकतोय, तर नीट कळू दे." पुढच्या स्टॉपवर तो माणूस उतरला. त्याचा स्टॉप तो नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिचा नवरा कॅझ म्हणायचा, "चाळीस वर्षं मी आवाज न करता सूप पितोय. आता सुपाची चवच विसरलो." कॅझ आधी रेल्वेत होता. त्याच्या किडन्या गेल्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागे. नेणारी लोरेटाच. घरापासून गाडीपर्यंत वीस पावलं असली तर कॅझ जमवायचा. तीस झाली की मध्ये उभा राहून धापा टाकायचा.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. मार्टी हॅनरॅटी. बसच्या आगारात मेकॅनिक होतो. एकतीस वर्षांचा शेजार, आणि त्यातल्या तीस वर्षांत मी लोरेटाची बोलणी हसून ऐकली. एकदाच हसलो नाही. माझी बायको रोझमेरी गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी चालली होती, पंचवीस-तीस माणसं होती, आणि लोरेटा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मार्टी, लोकांनी पंधरा दिवस तुला जेवणं आणून दिली. आभाराची चिठ्ठी अजून एकालाही गेली नाही. आठ महिने झाले."

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. आमच्याकडे अंत्यविधीनंतर अशा चिठ्ठ्या पाठवायच्या असतात, तिचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या घरात चिठ्ठ्या लिहायची ती रोझमेरी. पन्नास कोऱ्या कार्डांचा खोका तिच्याच खणात होता, आणि तो खण उघडायची मला हिंमत होत नव्हती. हे मी तिथे सांगू शकलो नाही. मी कप ठेवला आणि घरी आलो. तो राग मी मनात जपून ठेवला.

आता खुर्चीचं सांगतो. शिकागोच्या आमच्या भागात मोठा बर्फ पडला की एक नियम लागू होतो. सरकारी कागदात तो कुठे नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नाही. ज्याने फावडं मारून गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याची ती जागा. गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे खुर्ची ठेवायची, नाहीतर इस्त्रीचं टेबल, बादली, काहीही. बर्फ वितळेपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. लावलाच तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत असतं. दोन रस्ते पलीकडे एकाने कोणाची तरी खुर्ची हलवली होती. सकाळी त्याच्या गाडीवर पाण्याचा पाईप सोडलेला, काचा, दारं, चाकं सगळं बर्फात गोठलेलं. नऊ दिवस त्याचं दार उघडलं नाही. तेव्हा लोरेटाच म्हणाली होती, "बरं झालं. खुर्ची हलवणाऱ्यापेक्षा चोर परवडला. चोराला निदान लाज असते, तो अंधारात येतो."

त्या जानेवारीत रविवारी दिवसभर बर्फ पडला. सोमवारी पहाटे उठून पाहतो तर माझ्या गॅरेजकडे जाणारी मागची गल्ली कमरेइतकी भरलेली. माझ्या दारासमोर आग विझवायचा नळ आहे, तिथे गाडी लावता येत नाही. मग मी समोर, लोरेटाच्या दारापुढची जागा धरली. अडीच तास उपसलं. पाठीचं पार लाकूड झालं. गाडी आगारात दुरुस्तीला होती, मंगळवारी यायची होती, म्हणून तळघरातून एक पिवळ्या बैठकीची जुनी खुर्ची आणून ठेवली. लोरेटा उठली तोवर मी घरात येऊन पाठीला गरम पिशवी लावून पडलो होतो. तिने खिडकीतून पाहिला तो डेल, शेजारच्या घरातला नवा भाडेकरू. तो फावडं घेऊन फुटपाथ साफ करत होता.

डेल गुंडरसन नोव्हेंबरमध्ये राहायला आला होता. सहा फूट चार इंच, मानेवर गोंदलेलं, बरोबर वासराएवढा कुत्रा. विस्कॉन्सिनच्या वरच्या टोकाकडचा. पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. आल्या आल्याच कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने पुढे जाऊन दार तसंच सोडून दिलं होतं आणि ते लोरेटाच्या तोंडावर आलं होतं. ती सगळ्या दुकानासमोर त्याला म्हणाली होती, "मागच्यासाठी दार धरावं, हे आईने शिकवलं नाही वाटतं?" डेल वळला, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. ते बघणं लोरेटाच्या मनातून गेलं नव्हतं. मला दोनदा सांगून झालं होतं.

लोरेटासाठीही भाच्याने येऊन तीन घरं पलीकडे जागा करून दिली होती. तिचं इस्त्रीचं टेबल तिथे होतं. पण मंगळवारी दुपारी ती कॅझला डायलिसिसहून घेऊन आली तर नगरपालिकेच्या बर्फाच्या गाडीने रस्ता साफ करताना सगळा ढीग नेमका त्या जागेत लोटलेला, टेबलाचे दोन पाय तेवढे वर. मागच्या सीटवर कॅझ पांढराफटक पडलेला. आणि तिच्या दारासमोर, पायऱ्यांपासून बारा पावलांवर, मोकळी जागा आणि त्यात एक पिवळी खुर्ची.

तिने खुर्ची उचलली, फुटपाथवर कठड्याला टेकवून नीट ठेवली आणि गाडी लावली. अर्ध्या तासात काढू, असं म्हणाली असेल स्वतःशी.

मी तेवढ्यात गाडी घेऊन दुकानातून आलो. माझ्या जागेत तिची गाडी. तिचं टेबल बर्फात गाडलं गेलंय हे मी पाहिलंच नाही, पाहायचं मनात आलं नाही. मला दिसली ती फक्त जगाला रीत शिकवणारी बाई, आणि तिने हलवलेली माझी खुर्ची. ती डिकीत टाकली, सहा चौक लांब चर्चच्या आवारात गाडी लावली आणि सामानाच्या पिशव्या घेऊन बर्फातून चालत आलो. वाटेत बोलायची वाक्यं तयार करत होतो. चांगली होती वाक्यं. चोराला निदान लाज असते, हे त्यात होतंच.

तीनच्या सुमाराला तीच माझ्या दारात आली. कोटाची बटणं खालीवर लागलेली. लोरेटाची बटणं चुकलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"मार्टी, ती खुर्ची कोणाची होती रे?"

"कुठली?"

"माझ्या दारातली. पिवळी. मी हलवली." हे शेवटचे दोन शब्द तिने इतके हळू म्हटले की मला पुढे वाकावं लागलं. "कॅझला उभं राहवत नव्हतं. त्याला झोपवून बाहेर येते तर खुर्ची नाही. म्हणजे खुर्चीवाला येऊन गेला. गाडी बघितली, खुर्ची घेतली आणि काही न बोलता गेला."

इथे मी शेण खाल्लं. तोंड उघडून 'माझी' म्हणायचं होतं, एवढंच. वाक्यंही तयार होती. पण ती चुकलेली बटणं बघून, खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, बघू दे हिलाही, सगळ्यांसमोर खाली मान घालून उभं राहणं काय असतं.

"काय माहीत," मी म्हणालो. "पण ज्याची असेल त्याला आवडणार नाही."

"डेलची असेल? सोमवारी सकाळी तो फावडं घेऊन तिथेच होता."

"असू शकेल."

ती पायऱ्या उतरून गेली. तिच्या दारापाशी पोचेपर्यंत तिने चार वेळा डेलच्या खिडकीकडे पाहिलं.

बुधवारी तिने मला सहा वेळा फोन केला. ती खिडकीतून हलली नव्हती. सकाळी डेल कुत्रा घेऊन निघाला. "तो गाडीपाशी थांबला, मार्टी. बॉनेटवर हात ठेवला. कुत्रं चाक हुंगतंय." मीही पडद्याआडून बघत होतो. तो घसरला होता आणि तोल सावरायला त्याने हात टेकला होता, एवढंच. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, "आता गेला ना?"

"बघून गेला," ती म्हणाली. "जागा बघून ठेवली त्याने."

"मग गाडी काढ तिथून."

"काढून कुठे लावू? उद्या कॅझला न्यायचंय."

पाचव्या फोनला कॅझच बोलला. "मार्टी, ही मला सूप पिताना काही बोलली नाही आज. मी मुद्दाम मोठ्याने ओढलं. तरी नाही. काय झालंय हिला?" तो हसत होता, पण आवाजात हसू नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मी पडदा ओढून घेतला. तरी मी म्हणालो, थंडीने असेल.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्या रात्री पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. गुरुवारी सकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवर बोटभर काच चढली होती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लोरेटाने बघितली ती एकच गाडी, आपली.

"पाईप सोडला त्याने," ती फोनवर म्हणाली.

"अगं, सगळ्याच गाड्यांवर आहे."

"माझ्या गाडीवर जास्त आहे."

ती खरवडणी घेऊन बाहेर आली तेव्हा डेल नुकताच कामावरून आला होता आणि आपल्या पायरीवर सिगारेट ओढत उभा होता. तिच्याकडेच बघत. तिने गाडीला हात लावला, त्याच्याकडे पाहिलं आणि खरवडणी तिथेच टाकून घरात गेली. दाराला आतून साखळी लावल्याचा आवाज मला ऐकू आला, किंवा आला असं वाटलं. त्या दिवशी कॅझचं डायलिसिस चुकलं. केंद्रातून सांगितलं, मध्ये जागा नाही, आता शनिवारी त्यांच्या नेहमीच्या वेळेला या, आणि त्रास वाढला तर थेट हॉस्पिटलात जा.

मी माझ्या गाडीतून नेऊ शकलो असतो. चर्चच्या आवारात ती धडधाकट उभी होती. पण मग लोरेटाने विचारलं असतं, तुझी गाडी तिथे का, मार्टी? कधीपासून? आणि डिकीत तर ती खुर्चीच होती. एक खोटं सांभाळायला माणूस काय काय पणाला लावतो. मी कॅझ बुड्रिस लावला. दिवसभर मी स्वयंपाकघरात बसून होतो आणि फोन वाजला की दचकत होतो. आता तिच्याइतकाच मीही घाबरलो होतो. ती डेलला घाबरत होती, मी तिला.

शुक्रवारी दहा वाजता फोन आला. "कॅझचे पाय सुजलेत. रात्रभर आडवा झाला नाही, खुर्चीतच बसून आहे. हॉस्पिटलात जा म्हणते तर ऐकत नाही, उद्या जायचंच आहे म्हणतो. मार्टी, मी त्या माणसाची माफी मागणार आहे. म्हणजे तो गाडी तरी मोकळी करू देईल. तू माझ्याबरोबर चल. एकटीने मला जमणार नाही."

एकतीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी कोट घातला. रस्ता ओलांडताना ठरवलं, आत्ता सांगायचं, पायऱ्या चढायच्या आधी. पण ती दारातच उभी होती. हातात कुगेलिसचं गरम भांडं, बटाट्याचा तो त्यांचा लिथुआनियन पदार्थ, सकाळी उठून भाजलेला. वर फडकं झाकलेलं. तिने माझा दंड धरला. त्या पकडीत मला बोलता येईना. आम्ही तसेच डेलच्या दारापर्यंत गेलो.

डेलने दार उघडलं. झोपेतून उठलेला. मागे कुत्रं भुंकलं आणि लोरेटाची बोटं माझ्या दंडात रुतली.

"मिस्टर गुंडरसन," ती म्हणाली, "मंगळवारी मी तुमची खुर्ची हलवली. नवरा आजारी आहे, पण ते कारण सांगत नाही. जे केलं ते असभ्य होतं. मी माफी मागते. फक्त माझ्या गाडीला आता काही करू नका."

डेल तिच्याकडे बघत राहिला. तेच ते बघणं. मग कळलं की तो माणूस बोलण्याआधी विचार करतो, एवढंच.

"कसली खुर्ची, मॅडम? माझ्याकडे गाडीच नाही. ट्रक होता तो ख्रिसमसला मेव्हण्याला परत केला."

"पिवळी. माझ्या दारासमोर."

"ती होय? ती तर यांची." त्याने हनुवटीने मला दाखवलं. "सोमवारी पहाटे मी कामावरून येत होतो तेव्हा हे एकटेच उपसत होते. मी म्हटलं, मदत करू का, तर नको म्हणाले. आमच्या गावात खुर्च्या ठेवत नाहीत, म्हणून मी त्यांना विचारलं पण होतं ही कशासाठी. हो ना, काका?"

लोरेटाने माझा दंड सोडला. झटकून नाही, सावकाश, एकेक बोट. तिने माझ्याकडे वर पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. ती काय म्हणेल ते मला पाठ होतं, मीच तिला ते सांगणार होतो ना. तिने कुगेलिसचं भांडं डेलच्या हातात दिलं.

डेलच पुढे म्हणाला, "आणि त्या दिवशी दुकानात तुम्ही बोललात ते बरोबर होतं. आईने शिकवलं होतं. मी विसरलो होतो. नवरा आजारी म्हणालात, काय होतंय त्यांना?"

मग सगळं भराभर झालं. डेलने गरम पाण्याच्या पिशव्या लावून आणि मुठीने ठोकून गाडीचं दार सोडवलं. कॅझ नको नको म्हणत असताना त्याला खुर्चीसकट उचलून बारा पावलं नेलं. कॅझचा श्वास मला रस्त्याच्या मधोमध ऐकू येत होता, बुडबुडल्यासारखा. ओठ निळसर झाले होते. मला एवढंच सुचलं की घराचं दार धरून उभं राहावं. लोरेटा पर्स घेऊन माझ्यासमोरून बाहेर पडली.

"धन्यवाद, मिस्टर हॅनरॅटी," ती म्हणाली. "आपल्याला उगाच त्रास झाला."

एकतीस वर्षं मी मार्टी होतो.

कॅझ पाच दिवस हॉस्पिटलात होता. पहिले दोन दिवस डॉक्टर नीट काही सांगेनात. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला माहीत. अँब्युलन्सचा भोंगा कुठेही वाजला तरी मी खिडकीशी जायचो, जणू ती बातमी घेऊन इकडेच येणार होती. सहाव्या दिवशी डेलने त्याला धरून पायऱ्या चढवल्या. मी पडद्यामागून पाहत राहिलो, दार लागेपर्यंत.

त्याच आठवड्यात मी रोझमेरीचा खण उघडला. खोक्यातली कार्डं काढून, ज्यांनी ज्यांनी जेवणं आणली होती त्या सगळ्यांना लिहिलं, उशिराबद्दल क्षमा मागून. एकेचाळीस झाली. बेचाळिसावं लोरेटाला. त्यात सगळं लिहिलं. राग कशाचा होता ते, त्या दिवशी तिची चुकलेली बटणं बघून मला बरं वाटलं होतं ते, डिकीतल्या खुर्चीचंही. तिच्या पेटीत स्वतः नेऊन टाकलं.

तिचं उत्तर टपालाने आलं. समोरच्या घरातून समोरच्या घरात, पण रीतसर तिकीट लावून. "प्रिय मिस्टर हॅनरॅटी, आपलं पत्र मिळालं. वेळ काढून लिहिल्याबद्दल आभारी आहे. सौ. कॅझिमिर बुड्रिस." अक्षर सुरेख, ओळी सरळ. एकही चूक काढता येणार नाही असं.

त्याला दोन वर्षं झाली. भेटलो की ती मान लववते, हवामानाबद्दल एक वाक्य बोलते, माझ्यासाठी दार धरते. बाकी रस्त्याला ती होती तशीच आहे, चूक दिसली की सोडत नाही. परवा सकाळी ती आणि डेल दुकानातून येत होते, तो तिच्या पिशव्या घेऊन. मी फुटपाथवर उभा होतो. ती दहा पावलांवर असताना मी खिशातून चॉकलेटचा कागद काढला, तिला दिसेल असा हात वर केला आणि कागद खाली टाकला. पाय हलवला नाही. वाट बघितली.

तिने कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुप्रभात, मिस्टर हॅनरॅटी," ती म्हणाली. "आज थंडी कमी आहे, नाही का?" आणि पुढे गेली. दोन घरं पलीकडे तिचा आवाज ऐकू आला. "डेल, बायकांशी बोलताना टोपी काढावी, किती वेळा सांगू तुला?" डेल हसला.

मी वाकून कागद उचलला आणि खिशात ठेवला.